आवश्यकता नाही, असं मी लिहिलं होतं

आजच्या निरोप व सत्कार समारंभाचे अध्यक्ष, आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य आदरणीय योगीराज साळुंके सर, ज्यांच्या गॅरेजात आपल्या कितीतरी पोरांचे हात पहिल्यांदा काळे झाले ते प्रमुख पाहुणे श्री. शरणबसप्पा मालक, आजच्या सत्कारमूर्ती समृद्धी मॅडम, मॅडमचे वडील बिराप्पा आणि मातोश्री नागूबाई, जे व्यासपीठावर नको म्हणाले आणि समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, माझे सर्व निदेशक सहकारी, कार्यालयातली मंडळी, आणि इंजिनं भिंतीला सरकवून केलेल्या या सभागृहात दाटीवाटीनं बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो आणि विद्यार्थिनींनो.

आपल्या संस्थेत मी सर्वांत जुना. गटनिदेशक म्हणून अकरा वर्षं आणि त्याआधी निदेशक म्हणून पंधरा. त्यामुळं निरोपाचं भाषण कुणाचंही असो, ते माझ्याकडं येतं. लोक म्हणतात आण्णासाहेबांची वाणी रसाळ आहे. मी आजवर अशी सतरा भाषणं केली, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी एकच होती. नाव बदलायचं, फुलांची उपमा बदलायची, शेवटी डोळ्यांना रुमाल लावायचा.

आज तसं करता येईना. का येईना, तेच सांगायला उभा आहे.

पत्रिकेत ‘निरोप’ असं छापलंय. तुमच्यापैकी काही जणांना प्रश्न पडला असेल की मॅडम तर मागच्या वर्षी जूनपासूनच इथं नाहीत, मग निरोप आत्ता कसला? बरोबर आहे. ज्यांना आपण तेव्हा निरोप न देताच घालवलं, त्यांना आज हार घालून देतोय. सरळसेवा भरतीत त्यांची निवड झाली, नांदेड जिल्ह्यात कायम शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या निदेशक, म्हणून सोमवारी त्या रुजू होणार, म्हणून हा समारंभ. आनंदाची गोष्ट आहे. टाळ्या वाजवाव्यात अशीच आहे. मघाशी तुम्ही वाजवल्या, मीही वाजवल्या. पण माझ्या टाळ्यांचा आवाज फार झाला नसावा.

मॅडम आपल्याकडं आल्या पाच वर्षांपूर्वी. डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडला निदेशकाचं पद रिकामं होतं. पद रिकामं, वर्ग भरलेला. अशा वेळी आपल्याकडं काय करतात? तासावर माणूस घेतात. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचं मानधन, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावलं तर यायचं. पोरांना नोकरीला लायक करायची ही संस्था आणि शिकवणाऱ्यालाच नोकरी नाही, हा विनोद आपण इतकी वर्षं केला की आता त्याचं कुणाला हसूही येत नाही.

तर या बाई आल्या. बिराप्पा, तुम्ही रागावू नका, पण पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली मुलगी डिझेलला कशी?" त्यांनी उत्तर दिलं, "सर, आमचा टेम्पो बंद पडायचा माळावर. तिथं मेकॅनिक येत न्हाय." बस, एवढंच. मला वाटलं, उद्धट आहे. ते साधं उत्तर होतं, हे कळायला मला वेळ लागला.

त्या खिडकीखाली जे सहा सिलिंडरचं इंजिन आहे, ते सहा वर्षं बंद होतं. मी त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव केला होता. निर्लेखन म्हणजे भंगारात काढणं, कार्यालयाच्या भाषेत. प्रस्ताव वर गेलेला, मंजुरीची वाट बघत होतो. मॅडम आल्या आणि पोरांना घेऊन ते खोलून बसल्या. नवव्या दिवशी दुपारी मी माझ्या खोलीत हजेरीपट बघत होतो आणि आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग सलग. पोरं ओरडली. सगळे निदेशक धावत गेले. मी गेलो नाही. मी खुर्चीत बसून तो आवाज ऐकत होतो आणि मनात एकच आलं, हे आता बंद पडावं. पडलं नाही. अजून चालतंय.

ती पहिली वेळ. हेवा म्हणतात तो हा, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, आपल्याला शिस्तीची काळजी वाटतेय. प्रस्ताव वर गेलेला असताना यंत्राला हात लावणं नियमात बसत नाही, असं एक पत्रही मी त्यांना दिलं. त्यांनी ते घेतलं, सही केली आणि वर्गात गेल्या.

मित्रहो, पोरं पास होऊन पुढं कुठं जातात, हे बघायचं कामही माझंच. कागदावर माझंच. दरवर्षी मी चाळीस कंपन्यांना पत्रं पाठवायचो. पत्राचा नमुना माझाच, भाषा उत्तम, फक्त साल बदलायचं. उत्तरं यायची नाहीत. पण जावक क्रमांक पडायचा, आणि तपासणीला कुणी आलं की मी फाईल पुढं करायचो. कुणाची कधी हरकत आली नाही.

आता शासनाचं धोरण काही वाईट नाही, हे मी आजही म्हणतो. शिकाऊ उमेदवारी आहे. कारखान्यानं पोरगं घ्यावं, शिकवावं, विद्यावेतन द्यावं, त्यातला काही वाटा सरकार उचलेल. कागद चांगला आहे. पण त्या कागदापासून पोरापर्यंत कुणीतरी चालत जावं लागतं. ते मी कधी चाललो नाही. मॅडम चालल्या. सुट्टीच्या दिवशी, ज्या दिवसाचं मानधन नसतं त्या दिवशी, उमरग्याच्या बसमध्ये बसायच्या आणि हायवेला जिथं ट्रकची गॅरेजं लागतात तिथं उतरायच्या.

शरणबसप्पा मालक इथं बसलेत, ते सांगतील. त्यांनी पहिल्या वेळी मॅडमना चहासुद्धा विचारला नव्हता. म्हणाले होते, "बाई, आमचं काम दांडग्याचं हाय, सरकारी पोरं इथं काय करत्यात?" खरं ना, मालक? मान हलवतायत. मॅडम म्हणाल्या, "मालक, योजनेत बसायला किमान चार माणसं कामाला असावी लागतात. तुमच्या रजिस्टरला तीन दिसतात आणि मी आत्ता सात मोजली." मालक घाबरले, त्यांना वाटलं बाई तपासणीला आल्या. मॅडमनी खाली बसून त्यांना रजिस्टर नीट करून दिलं, आणि महिन्याभरात आपली दोन पोरं तिथं लागली. पुढच्या वर्षी पाच.

मग मालकांचे फोन यायला लागले. संस्थेचा फोन माझ्या टेबलावर. मी उचलायचो. पलीकडून विचारणा व्हायची, "मॅडम हायत का?" मी म्हणायचो, मी गटनिदेशक बोलतोय, काय काम आहे? पलीकडून उत्तर, "न्हाय, मग नंतर करतो." वीसच्या वर वर्षं नोकरी झालेल्या माणसाला हे वाक्य आठवड्यातून तीन वेळा ऐकायला लागलं तर काय होतं, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक.

आणि त्याच काळात माझ्या घरात काय चाललं होतं? माझा मुलगा रणधीर मेकॅनिकल इंजिनियर. चार वर्षं पुण्यात परीक्षा दिल्या. दोनदा थोडक्यात गेलं, एकदा भरतीच रद्द झाली. परत आला आणि माडीवरच्या खोलीत बसून राहिला. आमच्या घरी शेती आहे, खायला कमी नाही, त्यामुळं त्याच्या बसून राहण्याला कुणी बेरोजगारी म्हणायचं नाही. पाहुणे विचारायचे, "काय करतो?" त्याची आई कमलबाई म्हणायची, "अभ्यास." त्याच गावात, त्याच वर्षी, मजुरांची, मेंढपाळांची पोरं निळा डगला घालून सकाळच्या बसला उभी असायची. मला ती पोरं दिसायची आणि त्या प्रत्येक पोराच्या मागं ही बाई दिसायची.

प्राचार्य साहेबांनी चिठ्ठी पाठवलीय. ‘थोडक्यात आवरा.’ आवरतो साहेब. पण आजचं हे एक भाषण मला पुरं करू द्या.

मागच्या वर्षी मार्चमध्ये सोलापूरकडची एक मोठी कंपनी मुलाखतींना आली. नाव घेत नाही, त्यांचा यात दोष नाही. बारा जणांची निवड झाली. आपल्या संस्थेच्या इतिहासात एवढी कधी झाली नव्हती. फोटो काढायचा ठरला. मी मधोमध उभा राहिलो, प्रमुख म्हणून, सवयीनं. कंपनीचा साहेब नम्रपणे म्हणाला, "सर, जरा कडेला होता का, मॅडमना मधे येऊ द्या." मी कडेला झालो. फोटोत माझा एक हात आला आहे.

त्यानंतर आठ दिवसांनी वरच्या कार्यालयातून कागद आला. तासावरच्या निदेशकांची पुढच्या वर्षी आवश्यकता आहे किंवा कसे, याबाबत गटनिदेशकांनी अभिप्राय द्यावा.

मी अभिप्राय दिला. ‘उपलब्ध नियमित कर्मचाऱ्यांत कामाचे समायोजन शक्य आहे. आवश्यकता नाही.’

तुम्ही सगळे आजवर म्हणत आलात की वरून आलं, शासनानं काढलं, धोरणच तसं आहे. मीही तेच म्हणत होतो. जूनमध्ये मॅडम विचारायला आल्या तेव्हा मी हात वर करून सांगितलं, "काय करणार मॅडम, वरून आलंय." ते वरून आलं नव्हतं. या इमारतीतून गेलं होतं आणि त्यावर माझं अक्षर होतं. एखाद्या माणसाची रोजी घालवायची तर धोरण नावाची एक मोठी भिंत असते, तिच्याआड उभं राहिलं की आपला चेहरा दिसत नाही. मी तिथं उभा होतो.

मागं कुजबुज सुरू झालीय. असू द्या.

गोष्ट तिथं संपली असती तर तीही माझ्या आणि मॅडमच्या मधली राहिली असती. पण त्या बारा पोरांची कागदपत्रं आता माझ्याकडं आली. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर प्रत्येकाची नोंदणी, आधार, गुणपत्रक, बँकेचं खातं, सगळी नावं अक्षर न अक्षर जुळलेली, आणि जुलैअखेर तारीख. मला ते पोर्टल येत नव्हतं. येत नाही असं म्हणायची लाज वाटत होती. फाईल मी कपाटात ठेवली आणि पोरांना म्हणालो, तारीख लांब आहे.

परंड्याची अक्षदा माझ्याकडं तीन वेळा आली. डिझेलच्या वर्गातल्या दोन मुलींतली एक. तिच्या आधारवर नाव ‘अक्षता’ पडलं होतं, गुणपत्रकावर ‘अक्षदा’. दोन्ही एकच आहेत असं संस्थेच्या पत्रावर लिहून द्यायचं, खाली माझी सही. पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, "सोमवारी ये." सोमवारी ती पुन्हा परंड्याहून एस.टी.नं आली. मी म्हणालो, "प्राचार्य साहेब आल्यावर." ती म्हणाली, "सर, येण्याजाण्यात माझा दिवस जातो." मी म्हणालो, "नोकरी पाहिजे तर दिवस जातात, बाळ." हे मी बोललो. ज्याच्या स्वतःच्या मुलाची चार वर्षं गेली त्या माणसानं.

शेवटी पोरांनी मॅडमना फोन केला. मॅडम आल्या. त्यांना काही मिळायचं नव्हतं, त्या संस्थेच्या कुणी नव्हत्या. व्हरांड्यातल्या बाकावर बसून पोरांचे फॉर्म भरायला लागल्या. मी बाहेर आलो आणि विचारलं, "मॅडम, आपण इथं कोणत्या अधिकारानं बसलात?"

त्या उठल्या. म्हणाल्या, "अधिकार न्हाय, सर. तारीख जवळ आलीय." पोरांना घेतलं आणि हायवेच्या पलीकडं चहाच्या हॉटेलात जाऊन बसल्या. तीन दिवस तिथं बसल्या. माझ्या खिडकीतून ते हॉटेल समोर दिसतं.

तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघितलं, तर मॅडमच्या शेजारी मोबाईलवर फॉर्म भरत कोण बसलं होतं? माझा रणधीर.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "तू तिथं काय करत होतास?"

"फॉर्म भरत होतो."

"कुणाचे?"

"पोरांचे. आणि एक माझा. शरणबसप्पा मालकांकडं जागा हाय."

"गॅरेजात? इंजिनियर होऊन?"

"व्हय."

"माझ्याकडं का न्हाय आलास?"

तो म्हणाला, "आण्णा, तुमच्याकडं आलो असतो तर तुम्ही पुण्याच्या कुठल्यातरी साहेबाला फोन लावला असता, आणि मी परत वाट बघत बसलो असतो. मॅडमनी मला विचारलं, तुला हातानं काय काय येतं? चार वर्षांत मला हे कुणी विचारलं न्हाय."

तुम्हाला वाटेल, इथं माझे डोळे उघडले असतील. भाषणात असंच असतं. पण तसं झालं नाही. माझा मुलगा मार्गी लागला म्हणून आनंद व्हायला हवा होता. मला झाला तो आणखी हेवा. माझी पोरं, म्हणजे विद्यार्थी, या बाईची, कंपन्या हिच्या, फोन हिचे, आणि आता घरातलं पोरगंही मनातलं हिलाच सांगतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. कमलबाईनं विचारलं तर म्हणालो, पित्त झालंय.

बारांपैकी नऊ जणांचं काम झालं. तिघांचं राहिलं, कारण त्यांच्या कागदांना संस्थेची सही लागत होती आणि मी एका लग्नाच्या निमित्तानं शेवटचे दोन दिवस रजेवर होतो. रजा मंजूर होती. नियमात होती.

यंदा मॅडमचा निकाल लागला. अनुभवाचं प्रमाणपत्र हवं म्हणून त्यांनी अर्ज दिला. मसुदा माझ्याकडून जातो. अकरा दिवस मी तो ठेवून घेतला. प्रत्येक दिवशी कारण वेगळं. त्या एकदाच आत आल्या आणि म्हणाल्या, "सर, माझ्याविषयी चांगलं लिहू नका. फक्त तास लिहा. ते मी घेतलेत." बाराव्या दिवशी मी दंतवैद्याकडं उमरग्याला गेलो होतो, तेव्हा प्राचार्य साहेबांनी स्वतः मसुदा करून सही केली. म्हणजे मॅडमच्या नोकरीत माझा म्हणून एक शब्दही नाही. नाहीतर आज मी इथं उभा राहून तेवढ्याचं श्रेय घेतलं असतं, मला माझी खात्री आहे.

मग मी आज हे का बोलतोय?

तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी सांगितलं, मनोगत तुमचं. मी भाषण लिहायला बसलो. मॅडमनी किती जणांना कामाला लावलं तो आकडा हवा होता, म्हणून कपाटातली ती फाईल काढली. आत त्यांच्या हातची यादी होती. प्रत्येक नावापुढं एकेक ओळ. ‘वैजनाथ, अणदूर. मुलाखतीत खाली बघतो, आधी घरी बोलून सराव घ्यावा.’ ‘सिद्धम्मा. वडील लग्नाचं बघतायत, पत्र लवकर आलं तर थांबतील.’ ‘अक्षदा. नावात त आणि द. हे सगळ्यांत आधी.’ खाली त्यांनी रेघ मारली होती. मला सोपवण्यासाठीच त्यांनी ती यादी लिहिली होती. मी वर्षभर ती उघडून बघितली नव्हती. आणि ही तीन नावं, राहिलेली तीनच नावं, त्या यादीत एकाखाली एक होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या गावी गेलो. नागूबाईंनी पाणी दिलं. मी मॅडमना सगळं सांगितलं, अभिप्रायापासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं, सर. तो कागद जावकला जाताना माझ्या हाताखालून गेला होता. तुमचं अक्षर मला माहीत हाय."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"बोलून माझे तास परत आले असते का?"

मी म्हणालो, मॅडम, मला माफ करा. त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. "माझं झालं, सर. मी परीक्षा काढली. माझी माफी मागून तुम्ही मोकळे होणार. त्या तिघांकडं जा."

तर मी जातोय. अणदूरला वैजनाथकडं गेलो. तो चुलत्याच्या दुकानात बसतो. त्यानं माझ्यासाठी खुर्ची पुसली, आणि मी हे सगळं सांगितल्यावर म्हणाला, "जाऊ द्या सर, यंदा बघू." यंदाचा त्याचा फॉर्म मी स्वतः भरलाय. मॅडमनी शेजारी बसून शिकवलं आणि दोनदा माझ्या बोटावर चापट मारली. त्याला बोलावणं आलंय.

सिद्धम्माच्या गावी गेलो. कर्नाटकच्या शिवेला आहे. तिच्या वडिलांनी दारातच सांगितलं, "ती इथं न्हाय मास्तर. दिवाळीनंतर लगीन करून दिलं." ते म्हणाले, "पत्र येणार, येणार म्हणत होती. मी ऑगस्टपर्यंत थांबलो. न्हाय आलं." त्यांना राग नव्हता. मला वाटलं होतं ते चिडतील, मग मला काहीतरी बोलता येईल. मी तसाच परत आलो. तिथं काही दुरुस्त करण्यासारखं राहिलेलं नाही, हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

अक्षदा पुण्याकडं आहे. एका कंत्राटदाराकडं, गोदामात, खोकी बांधते. जी पोरगी इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायची. ती माझा फोन घेत नाही, आणि तिनं तो का घ्यावा? तिच्या आईनं परंड्याला मला पत्ता दिला. नावाचं पत्र मी करून घेतलंय, सही केलीय, आधारची दुरुस्तीही करता येईल. ती म्हणेल, आता कशाला. म्हणू शकते.

आणखी एक सांगतो. काल मी वरच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. मागील वर्षीचा माझा अभिप्राय वस्तुस्थितीला धरून नव्हता, डिझेल ट्रेडला निदेशकाची नितांत आवश्यकता आहे, कायम पद भरावं, ते होईपर्यंत तासावर का होईना माणूस द्यावा, आणि मागच्या चुकीची जबाबदारी माझी आहे, असं लिहिलंय. त्यावर काय कारवाई होईल ती होवो. साहेब, प्रत तुमच्या टेबलावर आहे.

मॅडम, आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा देताना माझा हेवा गेलाय, असं मी म्हणणार नाही. मघाशी सत्काराच्या वेळी तुमचे वडील टाळ्या वाजवता वाजवता फेट्याच्या टोकानं नाक पुसत होते. ते बघून मला त्यांचाही हेवा वाटला. परवा रणधीरनं एकट्यानं दुरुस्त केलेला पहिला ट्रक गेला तेव्हा त्यानं पहिला फोन तुम्हाला केला, दुसरा आईला. माझा तिसरा नंबर. या वयात हे काही असं जाणार नाही. पण हेवा मनात असताना माणूस सही करू शकतो, फॉर्म भरू शकतो, एवढं मला कळलंय. ते पाच वर्षं आधी कळायला हवं होतं.

नांदेडला तुमच्यावरही कुणीतरी गटनिदेशक असेल. तो माझ्यासारखा नसो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला उपदेश करायचा माझा अधिकार मी घालवलाय. एकच सांगतो, माझ्या कपाटाला आता कुलूप नाही. तुमचा कागद अडला तर आत या, आणि मी "सोमवारी ये" म्हणालो तर दारातून हलू नका.

अध्यक्ष महाराज, आपण मला वेळ दिलात, चिठ्ठी पाठवूनही बोलू दिलंत, त्याबद्दल आभार. शरणबसप्पा मालक, माझ्या मुलाला काम शिकवताय, आभार. बिराप्पा, नागूबाई, आपण माझ्यासारख्याला घरात बसवून पाणी दिलंत, आपले आभार. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते आपण सर्वांनी पोटात घालावं. वागण्यात जे झालं, ते पोटात घालायला मी आपल्याला सांगत नाही. त्यासाठी मी रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं पुण्याला अक्षदाकडं निघालोय.

धन्यवाद.